तिथी, वार, मुहूर्त : पंचांगाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाडव्याला पंचांगाची पूजा होते, मग ते खुंटीला लागतं आणि वर्षभर सण, संकष्टी आणि लग्नाचे मुहूर्त एवढ्यापुरतंच उघडलं जातं. खरं तर त्याचं प्रत्येक पान आकाशाचा त्या दिवसाचा हिशेब असतो, आणि तो समजायला अवघडही नाही. महाराष्ट्रात चालणारी पद्धत समोर ठेवून ही उत्तरं दिली आहेत.

पंचांगात नेमकं काय मोजलेलं असतं?

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच गोष्टी. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला याचं माप. अमावास्या संपते त्या क्षणी दोघांचं रेखांश, म्हणजे आकाशातल्या वर्तुळावरचं अंशांतलं स्थान, सारखं असतं. तिथून चंद्र १२ अंश पुढे गेला की प्रतिपदा संपली, २४ अंश गेला की द्वितीया संपली. असे ३० टप्पे झाले की ३६० अंश पुरे होतात आणि पुन्हा अमावास्या संपते.

नक्षत्र सांगतं की चंद्र आकाशाच्या २७ भागांपैकी कोणत्या भागात आहे. प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा. योग हा रवी आणि चंद्र यांच्या रेखांशांच्या बेरजेवरून निघतो, तर करण म्हणजे अर्धी तिथी. या चारही गोष्टी कोनांच्या आहेत. वार तेवढा एकटाच आकाशातल्या कुठल्याही स्थितीवर अवलंबून नाही. तो एकामागून एक मोजत आलेला आहे.

तिथी दुपारी किंवा पहाटे मध्येच का बदलते?

कारण ती कोनावर ठरते, घड्याळावर नाही. आणि चंद्राचा वेग सारखा नसतो. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीच्या जवळ असताना तो भराभर सरकतो, तेव्हा तिथी साधारण २० तासांत आटोपते. लांब असताना रेंगाळतो, तेव्हा तीच जवळपास २७ तासांपर्यंत लांबते. सरासरी काढली तर २३ तास ३७ मिनिटांच्या आसपास येते. म्हणजे दिवसापेक्षा थोडी कमी, आणि पुढचा बराच घोळ या ‘थोडी कमी’मुळेच आहे.

मग ‘आजची तिथी’ कोणती समजायची?

तुमच्या गावी सूर्य उगवताना जी चालू असेल ती. ती पुढे दहा मिनिटांत संपली तरी दिवसभराला नाव तिचंच.

यातूनच क्षयतिथी आणि वृद्धितिथी येतात. एखादी तिथी आजच्या सूर्योदयानंतर सुरू झाली आणि उद्याच्या सूर्योदयाआधी संपली, तर तिच्या वाट्याला एकही सूर्योदय आला नाही. तिचा क्षय. उलट एकाच तिथीत दोन सूर्योदय झाले तर तिची वृद्धी, ती दोन दिवस लिहिली जाते. वर्षाच्या ३६५ दिवसांत सुमारे ३७१ तिथी बसवायच्या असतात, त्यामुळे क्षयतिथी वृद्धितिथींपेक्षा जास्त असतात.

उत्तम उदाहरण २०२६ च्या गुढीपाडव्याचं. १९ मार्चला मुंबईत सूर्योदय झाला तेव्हा फाल्गुनातली अमावास्याच चालू होती. ती सकाळी ६ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास संपली, चैत्र शुद्ध प्रतिपदा लागली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी, पहाटे ४ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास संपलीसुद्धा. वर्षाची पहिलीच तिथी क्षयाची! क्षय म्हणजे ती तिथी नाहीशी होत नाही, फक्त तिला सूर्योदय मिळत नाही. अशा वेळी ज्यात प्रतिपदा लागते आणि संपते तो दिवस, म्हणजे १९ तारीख, पाडव्यासाठी घेतात.

बाळ शनिवारी पहाटे दोनला जन्मलं. पत्रिकेत शुक्रवार का लिहिला?

पंचांगाचा वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. पहाटे दोनला शुक्रवारची रात्रच चालू असते. जन्माच्या दाखल्यावर शनिवारची तारीख येईल आणि पत्रिकेत शुक्रवार. दोन्ही बरोबर. याच कारणाने काही पंचांगांत २४ च्या पुढचे आकडे दिसतात. २८ वाजून ५२ मिनिटं असं लिहिलं असेल तर ती उत्तररात्रीची ४ वाजून ५२ मिनिटं.

रविवारनंतर सोमवार, मग मंगळवार हा क्रम कुठून आला?

हा मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग. जुन्या समजुतीनुसार सगळ्यात मंद ग्रहापासून सगळ्यात जलद ग्रहापर्यंत क्रम असा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ तासांपैकी प्रत्येक तासाला, म्हणजे होऱ्याला, याच क्रमाने एकेक स्वामी द्यायचा. सूर्योदयाच्या पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, त्याचा तो वार. शनिवारी पहिला होरा शनीचा. सातांचं चक्र तीनदा फिरलं की २१ होरे झाले. उरलेले तीन शनी, गुरू आणि मंगळ यांना गेले. म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा रवीचा, आणि शनिवारनंतर रविवार आला. तसेच तीन सोडून पुढचा चंद्र, म्हणून सोमवार. मग मंगळ. बोटांवर मोजून पाहा, सातही वार बरोबर येतात.

वार आपल्याकडे तिथी-नक्षत्रांच्या मानाने उशिरा आले. मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या बुधगुप्ताच्या काळच्या, इ. स. ४८४ च्या शिलालेखात गुरुवारचा उल्लेख सापडतो, तो भारतातल्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी एक आहे.

सगळे सण सूर्योदयाच्या तिथीलाच होतात का?

नाही. आणि दरवर्षीचे वाद इथेच होतात. नियम असा की ज्या सणाचं मुख्य कर्म ज्या वेळी करायचं, त्या वेळी ती तिथी हवी. दिवसाचे पाच भाग करतात : प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्न, सायाह्न. सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला धरला तर मध्याह्न १० वाजून ४८ मिनिटांपासून १ वाजून १२ मिनिटांपर्यंत येतो. गणपती बसवायची चतुर्थी आणि रामजन्माची नवमी मध्याह्नी लागते. दसऱ्याची दशमी आणि श्राद्धाची तिथी अपराह्नी. होळी आणि लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर. कृष्णजन्म आणि महाशिवरात्र मध्यरात्री.

दोन्ही दिवशी तिथी त्या वेळेला स्पर्श करत असेल तर काय, याचे नियम धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत आहेत. महाराष्ट्रात त्यासाठी धर्मसिंधूचा आधार घेतला जातो. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये, म्हणजे बाबा पाध्ये यांनी तो शके १७१२ मध्ये, इ. स. १७९० ला पुरा केला.

२०२४ ची दिवाळी आठवा. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाला संपली. पहिल्या दिवशी पूर्ण प्रदोष मिळाला, दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर थोडाच वेळ. देशात अनेक ठिकाणी ३१ तारखेला पूजन झालं. महाराष्ट्रातल्या प्रमुख पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला, कारण दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा हे वचन इथे मानलं जातं. अमावास्येच्या वेळेबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. मतभेद होता तो नियमाचा. ‘पंचांगवाले चुकले’ म्हणण्याआधी एवढं तपासून पाहावं.

एका पंधरवड्यात दोन दिवस एकादशी कशी?

एक स्मार्त, दुसरी भागवत. सूर्योदयापूर्वीच्या चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. त्या वेळात दशमीचा अंश असेल तर ती एकादशी दशमीने विद्ध झाली असं वैष्णव मानतात आणि दुसऱ्या दिवशी उपास करतात. वारकरी भागवत एकादशी धरतात. घरात वारी असेल तर दुसरी, नसेल तर आजवर जी चालत आली ती.

संकष्टीचा चंद्रोदय गावोगावी वेगळा का?

चंद्र पूर्वेकडच्या गावात आधी उगवतो. नागपूर मुंबईच्या सुमारे सव्वासहा अंश पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे तो साधारण २५ मिनिटं आधी दिसतो. मुंबईची वेळ बघून नागपुरात उपास सोडणारे विनाकारण तेवढा वेळ उपाशी राहतात. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते, म्हणून कॅलेंडरात दिवसभर तृतीया आणि तरी संकष्टी असंही दिसतं. मंगळवारी आली की अंगारकी.

उत्तर भारतात श्रावण पंधरा दिवस आधी कसा सुरू होतो?

आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे सारखंच असतं, वद्य पक्षाचं बदलतं. आपल्या आषाढाचा वद्य पक्ष त्यांच्या श्रावणाचा पहिला पंधरवडा होतो. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी आणि त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी, पण दिवस एकच. गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण आपल्यासारखेच अमावास्येला महिना संपवतात.

अधिक महिना का येतो? आणि ‘कुठला’ महिना अधिक, हे कसं ठरतं?

चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी सुमारे ११ दिवसांची तूट. ती भरली नाही तर दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात आणि पुढे उन्हाळ्यात जाईल. हिजरी वर्षात ही भर घालत नाहीत, म्हणून मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरतो. आपल्याकडे साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना वाढतो.

कुठला, हे सूर्य ठरवतो. सूर्य दर महिन्याला एका राशीतून दुसरीत जातो, ती संक्रांत. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत एकही संक्रांत झाली नाही तर तो महिना अधिक, आणि त्याला पुढच्या महिन्याचं नाव. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. त्यात गंमत अशी की १५ जूनला सकाळी अमावास्या संपते आणि काही तासांनी सूर्य मिथुनेत जातो. संक्रांत थोडी आधी झाली असती तर तो महिना अधिक ठरलाच नसता.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतात, दानधर्म आणि पोथी वाचन होतं, पण लग्न-मुंज करत नाहीत. फार क्वचित एकाच महिन्यात दोन संक्रांती येतात आणि तो महिना क्षयमास होतो. १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये असं झालं होतं.

मग मकरसंक्रांत दरवर्षी १४-१५ जानेवारीलाच कशी?

ती तिथीवर नाही, सूर्यावर आहे, आणि इंग्रजी कॅलेंडरही सूर्याचंच. आपलं राशिमान ताऱ्यांवरून मोजलेलं, इंग्रजी वर्ष ऋतूंवरून. दोघांत थोडा फरक असल्यामुळे संक्रांत साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

शके आणि संवत्सर म्हणजे काय?

चैत्रापासून डिसेंबरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा केले की शालिवाहन शक मिळतो. २०२६ च्या पाडव्याला शके १९४८ सुरू झालं, संवत्सराचं, म्हणजे त्या वर्षाचं, नाव पराभव. नावं साठ आहेत, साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. नाव पराभव असलं तरी धास्ती घेण्याचं कारण नाही, ते क्रमाने आलेलं आहे. भारत सरकारचं राष्ट्रीय कॅलेंडर मात्र वेगळं. मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेलं ते सौर कॅलेंडर २२ मार्च १९५७ पासून लागू झालं. त्यातही शकच आहे, पण तिथी नाहीत.

मुहूर्त म्हणजे किती वेळ?

दोन घटिका, सुमारे ४८ मिनिटं. एका अहोरात्रात ६० घटिका, एक घटिका २४ मिनिटांची, एका घटिकेत ६० पळं. जुन्या लग्नांत घंगाळातल्या पाण्यात तळाला भोक असलेलं घटिकापात्र सोडत. ते भरून बुडालं की एक घटिका झाली, आणि त्यावर अंतरपाट दूर करण्याची वेळ धरत. आजही अनेक घरी विधी म्हणून घटिकापात्र ठेवतात, वेळ मात्र मोबाइलवर बघतात.

दिवसाच्या पंधरा मुहूर्तांपैकी आठवा अभिजित, म्हणजे ऐन मध्यान्हाचा. तो घड्याळाच्या बाराला धरू नये. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे, मुंबई त्याच्या पश्चिमेला. मुंबईत सूर्य माथ्यावर यायला सरासरी १२ वाजून ३९ मिनिटं होतात.

लग्नाचा मुहूर्त कसा काढतात? ‘१२ वाजून २३ मिनिटं’ ही वेळ येते कुठून?

आधी नको ते वगळत जातात. चातुर्मास, अधिक महिना, पितृपक्ष, अमावास्या, गुरू किंवा शुक्राचा अस्त (हे ग्रह सूर्याजवळ गेल्यामुळे दिसेनासे होतात तो काळ). राहिलेल्या दिवसांत विवाहाची नक्षत्रं पाहतात : रोहिणी, मृग, मघा, तिन्ही उत्तरा, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, रेवती. भद्रा (ती काय ते पुढे येतं) टाळतात. मग वधूवरांच्या राशींवरून त्या दिवशीचा चंद्र अनुकूल आहे का ते बघतात. शेवटी पूर्व क्षितिजावर कोणती रास उगवते आहे ते पाहून त्यातली निर्दोष वेळ निवडतात. ही रास साधारण दोन तासांनी बदलते आणि गावागावाप्रमाणे वेळ हलते, म्हणून आकडे असे येतात. पुण्याची वेळ गोंदियाच्या पत्रिकेवर छापून चालत नाही.

तुळशीच्या लग्नापासून हंगाम सुरू होतो. तारीख जमत नसेल, हॉल मिळत नसेल, परदेशातून सुट्टी आषाढातच असेल, तर पंचांगांत गौण काळातले, काढीव मुहूर्तही दिलेले असतात. गोरज मुहूर्तही बऱ्याच ठिकाणी घेतात. परंपरेनेच अशी मोकळीक ठेवली आहे. ती घेताना ओशाळायचं काही कारण नाही.

साडेतीन मुहूर्तांना पंचांग बघावं लागत नाही, हे खरं का?

हो, लोकपरंपरा अशीच आहे. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, दिवाळीचा पाडवा अर्धा. सोनंखरेदी, गाडी, गृहप्रवेश, दुकानाचं उद्घाटन यांसाठी वेगळा मुहूर्त काढत नाहीत. विवाह आणि मुंज यांचे नियम मात्र वेगळे, ते या चार दिवसांनाही पाहतात.

राहुकाल, चौघडिया, भद्रा : किती मानायचं?

राहुकाल म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या आठ भागांपैकी एक भाग. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. याचा आग्रह दक्षिणेत जास्त. चौघडिया, म्हणजे दिवसाचे आणि रात्रीचे शुभ-अशुभ भाग पाहण्याची रीत, गुजराती आणि मारवाडी समाजात चालते. दोन्ही आता मोबाइलमुळे मराठी घरांत शिरलं आहे.

भद्रा ही विष्टी नावाच्या करणाची वेळ, महिन्यातून आठदा येते. होळी आणि राखीच्या वेळी तिची चर्चा होते. २०२३ च्या राखीपौर्णिमेला भद्रा रात्री नऊपर्यंत होती आणि बहिणी दिवसभर ताटकळल्या.

माझं मत स्पष्ट आहे. तिथी कधी संपते हे गणित आहे आणि दुर्बिणीने तपासता येतं. कोणती वेळ शुभ हा परंपरेचा ठराव आहे, तो श्रद्धेने पाळावा. पण दवाखान्यात जायला, परीक्षेला बसायला किंवा पेरणीचा वाफसा साधायला राहुकाल टळण्याची वाट पाहू नये. जुनी माणसंही तातडीच्या कामाला मुहूर्त विचारत नसत.

दाते, टिळक, कालनिर्णय यांत फरक का पडतो?

शेकडो वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावर चालत. कोकणातल्या नांदगावच्या या ज्योतिषाने शके १४४२ मध्ये, इ. स. १५२० ला, त्रिकोणमितीच्या किचकट कोष्टकांशिवाय ग्रह काढायची रीत दिली आणि गावोगावच्या जोशांचं काम सोपं केलं. कालांतराने आकाशात आणि गणितात अंतर पडू लागलं. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे आणि नंतर व्यंकटेश बापूजी केतकर यांनी प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं गणित आणलं. लोकमान्य टिळकांनीही या सुधारणेत मनापासून लक्ष घातलं.

सोलापूरचं दाते पंचांग आणि जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं कालनिर्णय यांच्या राशिचक्राचा आरंभबिंदू चित्रा ताऱ्यावरून ठरतो, टिळक पंचांगाचा रेवतीतल्या ताऱ्यावरून. दोघांत सुमारे चार अंशांचं अंतर आहे, म्हणून टिळक पंचांगात संक्रांती चारेक दिवस आधी येतात. तिथी मात्र दोन्हींकडे सारखीच, कारण चंद्र-सूर्यातलं अंतर आरंभबिंदूवर अवलंबून नसतं. पण संक्रांत सरकली की कधी कधी अधिक महिना वेगळा येतो, आणि त्या वर्षी काही सणांत महिन्याचा फरक पडतो. घरात जे पंचांग चालतं ते सगळ्या सणांना धरावं. सोयीप्रमाणे एक सण इकडचा आणि एक तिकडचा असं करू नये.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. भारतातली तारीख पाळायची की इथली?

तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच, सूर्योदय मात्र तुमचा वेगळा. पुन्हा २०२६ चा पाडवा घ्या. प्रतिपदा तुमच्याकडे १८ मार्चला रात्री ९ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास लागली आणि १९ ला संध्याकाळी ७ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास संपली. १९ च्या सूर्योदयाला ती चालू होती. जी तिथी मुंबईत क्षयाची, ती तुमच्या अंगणात सरळ उगवली! तारीख या वेळी दोन्हीकडे १९ च आली, पण दरवेळी तसं होत नाही. शास्त्र राहत्या गावाचा सूर्योदय धरायला सांगतं. उपास आणि पूजा त्याप्रमाणे करा, मंडळाचा गणपती शनिवार-रविवारी ठेवलात तरी हरकत नाही.

पंचांगाचं पान वाचायला कुठून सुरुवात करू?

आजच्या तारखेच्या ओळीत तिथीचं नाव आणि तिच्यापुढची वेळ बघा. ती वेळ तिथी संपण्याची असते, सुरू होण्याची नाही. नक्षत्र, योग, करण यांचंही तसंच. नंतर चंद्राची रास, आणि शेवटी ‘चांगला दिवस’, ‘दुपारी २ नंतर शुभ’, ‘वर्ज्य’ असा शेरा. पंचांग कोणत्या गावच्या सूर्योदयावर बेतलं आहे हे त्याच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेलं असतं आणि इतर गावांसाठी मिनिटांचा फरकही दिलेला असतो. ॲप वापरत असाल तर सेटिंगमध्ये आधी तुमचं गाव निवडा, आणि महिना अमावास्येला संपणारा ठेवा.